स्वित्झर्लंडची मतदान-पुस्तिका : विरोधकाला पान देणारी, आकड्यांत कमी पडणारी

स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय सार्वमताच्या किमान तीन आणि जास्तीत जास्त चार आठवडे आधी मतदारांच्या घरी टपालाने एक छोटेखानी पुस्तिका येते. तिचे अधिकृत नाव ‘संघीय परिषदेचे (म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचे) स्पष्टीकरण’ असे असून ती जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श या चारही भाषांत निघते. 1970च्या दशकाच्या अखेरीपासून हा क्रम चालू आहे. प्रत्यक्ष लोकशाहीविषयी मोठमोठे ग्रंथ वाचण्यापेक्षा ही पुस्तिका वाचावी, असे मला फार दिवस वाटत होते. म्हणून गेल्या काही वर्षांतल्या पुस्तिका संघीय चॅन्सेलरी या सरकारी कचेरीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतल्या आणि एकामागून एक वाचल्या.

अशा पुस्तिकेची गरज किती मोठी आहे, हे तिथली पद्धत पाहिल्यावर कळते. राज्यघटनेतील प्रत्येक दुरुस्ती लोकांसमोर न्यावीच लागते. संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध शंभर दिवसांत 50,000 सह्या गोळा झाल्या, तर तो कायदाही मतदानाला जातो. 18 महिन्यांत 1 लाख सह्या जमवणाऱ्या नागरिकांना स्वतःची घटनादुरुस्ती मांडता येते; याला जनोपक्रम म्हणतात, आणि तो मंजूर होण्यासाठी मत देणाऱ्यांच्या बहुमताबरोबरच बहुसंख्य कॅन्टनांचाही, म्हणजे घटक राज्यांचाही, होकार लागतो. मतदान वर्षातून चार वेळा होऊ शकते आणि एकाच दिवशी तीन-चार विषय येणे नित्याचे आहे. निवृत्तिवेतन, कंपन्यांवरील कर, शेती, लढाऊ विमाने असे विषय नोकरीधंदा सांभाळून समजून घेणाऱ्या माणसाला कोणीतरी मुद्द्याचे आणि थोडक्यात सांगितलेच पाहिजे.

2018 साली पुस्तिकेची मांडणी बदलली आणि हा बदल खरोखर चांगला झाला आहे. प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला ‘थोडक्यात’ हा भाग येतो : सध्याची स्थिती काय आहे, प्रस्ताव काय आहे, मतपत्रिकेवरचा प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत आहे आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांत कोणी कसे मत दिले. त्यानंतर ‘तपशील’, मग दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आणि शेवटी प्रस्तावाचा मूळ मजकूर. घाईत असलेल्या वाचकाचे पहिल्या जोडपानावर भागते आणि ज्याला खोलात जायचे आहे त्याला कायद्याचा शब्द न शब्द मिळतो.

25 नोव्हेंबर 2018च्या मतदानाची पुस्तिका मी सर्वांत जास्त वेळ हातात ठेवली. त्या दिवशीचा एक विषय गाईंच्या शिंगांचा होता : जे शेतकरी आपल्या गाई-बकऱ्यांची शिंगे काढत नाहीत त्यांना सरकारने आर्थिक साहाय्य द्यावे, असा एका डोंगरी शेतकऱ्याच्या पुढाकाराने आलेला जनोपक्रम होता. बाहेरून पाहणाऱ्याला हा विषय किरकोळ वाटेल. पुस्तिकेने मात्र त्याला करसुधारणेइतक्याच गांभीर्याने वागवले आहे. जनोपक्रम मांडणाऱ्यांची समिती स्वतःच्या शब्दांत सांगते की शिंग हा जिवंत अवयव आहे, ते काढताना जनावराला वेदना होतात आणि कळपातील परस्परव्यवहारात त्याचा उपयोग असतो. लगेच सरकारची बाजू येते : शिंगे असलेल्या जनावरांना गोठ्यात बांधून ठेवण्याचे प्रमाण वाढेल आणि त्यामुळे त्यांचे हालच होतील, अशी भीती तिथे मांडलेली आहे. दोन्ही पक्ष जनावराच्याच हिताचे बोलत आहेत आणि तरी उलट निष्कर्षाला पोहोचत आहेत, हे शेजारशेजारच्या पानांवर वाचताना मत देणे किती अवघड असते ते उमगते. प्रस्ताव 54.7 टक्के विरोधी मतांनी पडला. पण सरकारने छापलेल्या आणि सरकारी खर्चाने घरोघर पोहोचलेल्या कागदावर सरकारच्या विरोधातली बाजू सन्मानाने मांडली गेली, याचे मोल मला त्या निकालापेक्षा अधिक वाटते.

हे औदार्य कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. स्पष्टीकरण संक्षिप्त आणि वस्तुनिष्ठ असावे, त्यात महत्त्वाच्या अल्पमतांचीही दखल घ्यावी आणि समितीला आपले युक्तिवाद मांडू द्यावेत, हे राजकीय हक्कांविषयीच्या संघीय कायद्यातच लिहिलेले आहे. समितीचा मजकूर बदनामीकारक, उघड खोटा किंवा फार लांब असेल तरच संघीय परिषद त्यात बदल करू शकते किंवा तो नाकारू शकते. 2016 साली ब्रिटनमध्ये युरोपीय संघाविषयीच्या सार्वमतापूर्वी सरकारने सुमारे 93 लाख पौंड खर्चून 2 कोटी 70 लाख घरांना जे पत्रक पाठवले, त्यात केवळ संघात राहण्याची बाजू होती. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, तर मतदाराला पटवणे आणि मतदाराला माहिती देणे यांतले अंतर डोळ्यांना दिसते.

आता दोषाकडे येतो, कारण तो गंभीर आहे. पुस्तिकेतील माहितीचा भाग, आकडे आणि अंदाज सरकारच लिहिते, आणि तेच सरकार त्याच पुस्तिकेत शिफारसही करते. समितीची पाने सरकार तपासते. सरकारची पाने तपासणारे स्वतंत्र कोणीच नाही. याचा फटका बसलेला आहे. विवाहित जोडप्यांवर पडणारा जादा कर रद्द करण्याचा जनोपक्रम 28 फेब्रुवारी 2016 रोजी मतदानाला आला, तेव्हा दोघेही कमावत असलेली सुमारे 80,000 जोडपी या कराने बाधित आहेत, असे मतदारांना सांगण्यात आले होते. बहुसंख्य कॅन्टन बाजूने असूनही 50.8 टक्के विरोधी मतांनी प्रस्ताव पडला. पुढे 2018 मध्ये सरकारनेच कबूल केले की खरा आकडा सुमारे 4 लाख 54 हजार आहे. एप्रिल 2019 मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द केले. राष्ट्रीय सार्वमत रद्द होण्याची ही तिथल्या इतिहासातली पहिलीच वेळ होती. त्याआधी, 2008च्या कंपनी-करसुधारणेत महसुलाची तूट फारच कमी सांगितली गेली होती आणि प्रस्ताव अवघ्या 50.5 टक्क्यांनी मंजूर झाला होता. न्यायालयाने 2011 मध्ये त्या माहितीवर ताशेरे ओढले, तरी निकाल कायम ठेवला.

अंदाज चुकू शकतो, हे मला मान्य आहे. खटकते ते असे की ‘80,000’ हा आकडा वाचणाऱ्याला तो कोणत्या वर्षीच्या माहितीवर आधारलेला आहे आणि त्यात किती अनिश्चितता आहे, हे ओळखण्याचे काहीही साधन नव्हते. शिवाय संघीय परिषदेच्या कृतींना थेट न्यायालयात आव्हान देता येत नसल्यामुळे पुस्तिकेविरुद्ध सरळ दाद मागता येत नाही. निकालाविरुद्धच्या तक्रारीतून वळसा घेऊन जावे लागते.

इतर ठिकाणच्या दोन रीती इथे अभ्यासण्यासारख्या आहेत. आयर्लंडमध्ये सार्वमताची माहिती देण्याचे काम सरकारकडे नसून स्वतंत्र निवडणूक आयोगाकडे आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्याने 2011 साली कायदा करून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सामान्य नागरिकांचा गट बसवण्याची सोय केली. या गटाने काही दिवस दोन्ही बाजू ऐकायच्या आणि त्याचे निवेदन राज्याच्या मतदार-पुस्तिकेत छापायचे, अशी ती योजना होती. ही दुसरी रीत स्वित्झर्लंडच्या स्वभावाशी जुळेल, असे मला वाटते.

जानेवारी 2019 पासून ‘वोटइन्फो’ या अ‍ॅपवर हाच मजकूर, त्यासोबत छोट्या चित्रफिती आणि मतमोजणीचे निकाल मिळतात. अ‍ॅप नीटस आहे, पण दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून वाचण्याची सोय छापील जोडपानावरच अधिक चांगली आहे. नवख्या वाचकाने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : जनोपक्रमात समितीला ‘हो’ हवे असते, तर संसदेच्या कायद्याविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या समितीला ‘नाही’ हवे असते, त्यामुळे पान उलटताना बाजूंची अदलाबदल सहज होते.

पाचपैकी चार तारे देतो. प्रत्येक आकड्याखाली त्याचे वर्ष, त्याचा आधार आणि कमाल-किमान अंदाज छापला जाईल, त्या दिवशी पाचवा देईन.