आमची दुनळी बद्द वाजायला लागली, त्याची गोष्ट

घरात जुनी दुनळी असेल आणि तिला ब्ल्यूइंग, म्हणजे नळ्यांच्या पोलादावर निळसर काळा थर, करून घ्यायचा विचार असेल, तर एवढं वाचून मग घराबाहेर पडा. मी 14,000 रुपये देऊन आजोबांची बंदूक बिघडवून घेतली आहे.

आमचं गाव सावंतवाडी तालुक्यात, शेत डोंगराला लागून. रानडुक्कर आणि गवा पाचवीला पुजलेले, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना आहे आणि बारा बोअरची दुनळी आहे. 2024 च्या लोकसभेला आचारसंहिता लागली तशी ती ठाण्यात जमा केली. जूनमध्ये परत मिळाली तोवर पाऊस सुरू झाला होता. नळ्यांवर तांबूस ठिपके उठले होते, आणि जुनं ब्ल्यूइंग तर हात लागून लागून आधीच पांढरं पडलेलं.

एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. शस्त्रदुरुस्तीचा परवाना भिंतीवर लावलेला होता, तो वाचूनच आत शिरलो. दुकानदार बोलायला गोड. म्हणाला, "काका, अशा जुन्या बंदुकीला रस्ट ब्ल्यूइंगच हवं. नळीवर औषध लावून मुद्दाम गंज धरू द्यायचा, उकळत्या पाण्यात टाकायची, तांबडा गंज काळा होतो. तारेच्या ब्रशने झटकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. सात-आठ हात द्यावे लागतात, तीन आठवडे जातील." यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि मी फसलो तो त्यामुळेच. ज्याला काम येतं तो ते करेलच असं आपण धरून चालतो. त्याने एक नमुन्याची नळीही दाखवली, रेशमासारखी मऊ, निळसर करडी. 8,500 आगाऊ दिले. पावतीवर लिहिलं होतं, "सर्व्हिसिंग व ब्ल्यूइंग". एवढंच.

ऑगस्टमध्ये बंदूक हातात आली तेव्हा ती काचेसारखी चकचकीत काळी होती. नमुन्यासारखी नव्हती, हे मला तिथेच दिसलं होतं. "नवीन आहे म्हणून चमकते, वापरात मऊ होईल," असं तो म्हणाला आणि मी उरलेले पैसे मोजले.

पहिला फटका ऑक्टोबरमध्ये बसला. विधानसभेसाठी बंदूक पुन्हा जमा करायची होती. हवालदारांनी परवाना उघडला, बंदूक उलटीपालटी केली आणि म्हणाले, "नंबर कुठे आहे?" गंज काढताना बफ, म्हणजे घासून चकाकी आणणारं चाक, इतका फिरवला होता की कोरलेले आकडे जवळजवळ सपाट झाले होते. खडूची पूड चोळली, टॉर्च आडवी धरली, तेव्हा कुठे ताडून पाहता आला. त्यांनी समजून घेतलं म्हणून निभावलं. शस्त्र कायद्याच्या कलम 8 नुसार बंदुकीवरचा नंबर पुसणं हा गुन्हा आहे, आणि तशी बंदूक सापडते ती आपल्या घरात.

खरं नुकसान 2025 च्या जूनमध्ये कळलं. दोन नळ्यांच्या मधे वर एक आणि खाली एक अशी पट्टी असते, जिला रिब म्हणतात, तिच्या कडेने पांढरी पूड फुटून आली होती. मिठाच्या डब्याच्या तोंडाशी येते तशी. पुसली की चार दिवसांत पुन्हा, आणि तिच्याखालून गंजाचा ओघळ. भाचा कोल्हापूरला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत प्लेटिंगच्या कामावर आहे, तो सुट्टीला आलेला. त्याने ती पूड बोटावर घेतली, पाण्यात भिजवली आणि हळद लावलेल्या कागदावर टेकवली. कागद कुंकवासारखा लाल झाला. "मामा, ह्या ब्लॅकोडायझिंग आसा. आमच्याकडे बोल्टांक करतत, किलोवर."

म्हणजे कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेटचं पाणी साधारण 140 अंशांवर उकळतं ठेवायचं आणि त्यात माल बुडवायचा. एका दिवसाचं काम. प्रक्रिया वाईट नाही. एकसंध पोलादाचा कोयता किंवा सुटे भाग त्यात बुडवले तर काहीच बिघडत नाही. पण बहुतेक जुन्या दुनळ्यांच्या रिब कथील-शिशाने झाळलेल्या असतात. त्या उष्णतेला झाळ वितळत नाही, पण कॉस्टिक त्याला खातं. शिवाय ते पाणी रिबच्या खालच्या पोकळीत शिरतं आणि तिथून धुऊन निघत नाही. मागे राहिलेला क्षार पावसाळी हवा ओढून घेतो आणि नळी आतल्या बाजूने कुजत जाते.

वडील दर दिवाळीत नळ्या सोडवून आकडीला टांगायचे आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायचे. देवळातल्या घंटेसारखा नाद लांबत जायचा. "झाळ शाबूत आहे," म्हणायचे. भाच्यासमोर मी तसंच केलं. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला.

दुकानदाराने फोनवर एकच विचारलं, "पावतीत रस्ट ब्ल्यूइंग लिहिलंय का?" ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून कागद जमवतो आहे. पण तो एक शब्द पावतीवर नाही, याची टोचणी जात नाही.

तुम्ही जाल तेव्हा पद्धतीचं नाव पावतीवर लिहून घ्या, आणि "नळ्या गरम कॉस्टिकमध्ये बुडवणार नाही" हेही. देण्याआधी नंबराचा जवळून फोटो काढा, बफ लावू नका असं बजावून सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला, नळी तपकिरी गंजलेली असताना, स्वतः जाऊन पाहा. खरं काम करणारा ती दाखवायला नाही म्हणत नाही. देताना आणि घेताना टिचकी मारून नाद ऐका. आणि कुणी "आता आयुष्यभर गंज येणार नाही" म्हणालं तर तिथूनच परत फिरा. ब्ल्यूइंगचा थर तेल धरून ठेवतो, राखण तेलच करतं. आमच्या हवेत पावसाळ्यात दर आठ दिवसांनी तेलाचं फडकं फिरवावंच लागतं.

दुसऱ्या एका वयस्कर कारागिराला नळ्या दाखवल्या. दोन्ही रिब उतरवून, आतून साफ करून पुन्हा झाळाव्या लागतील, आणि आत खड्डे किती खोल पडलेत ते रिब उतरल्यावरच कळेल, असं ते म्हणाले. तोवर बार काढायचा नाही. परवा रात्री डुकरं भातात शिरली, तेव्हा मुलगा आणि मी पत्र्याचा डबा बडवत बांधावर गेलो.