डबल मार्कर आणि एनटी स्कॅन: कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सेंटरचा अनुभव

5 पैकी 3 स्टार, आणि ते तिन्ही स्कॅनवाल्या मॅडमना. बायकोचं वय 35, पहिलंच बाळ, म्हणून गायनॅकनी एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जागा मोजायची सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) लिहून दिलं. दोन्ही मिळून बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा जन्मजात गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता किती ते सांगतात. हे 11 ते 14 आठवड्यांच्या मधेच करायचं असतंय, त्यामुळं अपॉइंटमेंट आधी घ्या. बाळ पाठ करून बसलेलं, तर मॅडम म्हणाल्या जरा फिरून या, मग परत बघितलं, मानेमागची जागा नीट मोजली, नाकाचं हाड दाखवलं, घाई अजिबात नाही.

काऊंटरचं मात्र बोलायलाच नको. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर, लाल अक्षरात 'हाय रिस्क 1:210', बास. घाबरून फोन केला तर म्हणे आमच्याकडं एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं बघायची टेस्ट) आहे, आज बुक केलं तर डिस्काउंट! इकडं आईनं देव पाण्यात घातले.

गायनॅकनी दहा मिनिटांत उलगडून सांगितलं. असा रिपोर्ट आलेल्या 210 जणींत एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम निघतो, 209 जणींच्या नाही. 1:250 च्या वर रिस्क गेली की लाल छापतात, आणि 35 व्या वर्षी नुसत्या वयानंच ती साधारण 350 त 1 असते. हे सेंटरवाल्यांना सांगता येत नव्हतं काय ओ?

एनआयपीटी घ्यावी का? आम्ही घेतली, दुसऱ्या लॅबमधून, लो रिस्क आली. महाग आहे, पण नुसतं रक्त द्यायचं, बाळाला धोका नाही. फक्त ती पण स्क्रीनिंगच, पक्कं निदान नाही. पक्कं पाहिजे तर गर्भजल तपासणी, ती 15-16 आठवड्यांनंतर, आणि त्यात गर्भपाताचा थोडासा का होईना धोका असतोय. डबल मार्कर लो आलं असेल आणि डॉक्टर पण गरज नाही म्हणत असतील तर काऊंटरवरच्या पॅकेजला भुलू नका, ते पैसे 18-20 आठवड्यांच्या ॲनॉमली स्कॅनला (बाळाचे अवयव नीट बघायच्या सोनोग्राफीला) ठेवा, हृदय-मणका रक्तात दिसत नाही. आणि रिपोर्ट वाईट आला तर काय करायचं हे नवराबायकोनं आधीच बोलून घ्या. काहीही झालं तरी बाळ ठेवणार असाल तरी तयारीला उपयोग होतो, नाहीतर टेस्ट नको म्हणायचा पण हक्क आहे.

आमच्या आत्यानं तिथं विचारलंच, मुलगा का मुलगी कळतंय का रक्तात. ज्या कोल्हापुरात लिंगनिदान रोखायला सोनोग्राफी मशीनला सायलेंट ऑब्झर्व्हर (प्रत्येक स्कॅनची नोंद ठेवणारी यंत्रं) बसवले तिथं हा प्रश्न! फॉर्म एफ (सोनोग्राफीआधीचा सरकारी फॉर्म) भरायला आधारकार्ड न्या, उपाशी जायची गरज नाही, आणि पार्किंगच्या नादाला न लागता सरळ रिक्षा करा.