सायकलची विमानप्रवासाची बॅग, काही महिन्यांनंतर: फोम उत्तम, झिपने घात केला

परतीच्या विमानाच्या चेक-इन काउंटरसमोरच झिपचा रनर हातात आला. सायकल आत, मागे रांग. काउंटरवरच्या बाईंनी चिकटपट्टीचं अख्खं भेंडोळं दिलं, मी बॅग चहूबाजूंनी गुंडाळली आणि सायकल एक ओरखडाही न उमटता पोचली. त्यामुळे बॅग सायकल सांभाळते का, तर हो, नक्की सांभाळते. ती विकत घ्यावी का, हे सांगायला मात्र मला झिपबद्दल बरंच बोलावं लागेल.

रचना माहीत असेलच. दोन्ही चाकं काढून बाजूच्या कप्प्यांत, फ्रेम तळाच्या धातूच्या पट्टीवर, हँडलबार काढून फ्रेमला बांधलेला. बॅग तीन बाजूंनी उघडते, म्हणजे सगळा भार एका लांबलचक झिपवर. कोपऱ्यांत ती काटकोनात वळते आणि नेमकं तिथेच आतून चाकाचा घेर बाहेर ढकलत असतो. दर वेळी बंद करताना रनरच्या दोन पात्या किंचित फाकतात. मग झिप लागते, पण रनर पुढे गेला की मागे आपोआप उघडते. हे दिसू लागलं की पकडीने रनर हलकेच दाबायचा, थोडे दिवस निभतं. मी तेही केलं होतं.

कंपनीला कळवलं. आधी फोटो मागितले, मग पावती, मग पुन्हा फोटो. शेवटी उत्तर आलं की झिप ही वापराने झिजणारी गोष्ट आहे, वॉरंटीत बसत नाही, नवीन बॅगेवर सवलत देतो. मला नवीन बॅग नको होती, एक रनर हवा होता! तो सुटा विकत मिळेल का, या प्रश्नाला आजतागायत उत्तर नाही. आठवडेच्या आठवडे गेल्यावर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने रनरच्या पाठीवर कोरलेला आकडा वाचला, डब्यातून तसाच एक काढला, चढवला आणि टोकाला चार टाके घातले. चहा निवायच्या आत काम झालं, पैसेही नाममात्र. इतक्या किरकोळ वस्तूसाठी अख्खी बॅग टाकून द्यायला सांगणाऱ्या कंपनीचा मला मनापासून राग आहे.

वजनाबद्दल मात्र मत बदललं. रिकामी बॅग साडेआठ किलो भरते तेव्हा हे नाकापेक्षा मोती जड वाटलं होतं. इकॉनॉमीत एका नगाला बहुधा 23 किलोची मर्यादा असते आणि 32 च्या वर बहुतेक कंपन्या नग घेतच नाहीत. माझी सायकल साडेनऊ किलो, म्हणजे हत्यारं, बूट, हेल्मेट यांना उरले पाच. पण जाताना बॅग हाती आली तेव्हा गिअरच्या बाजूच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर खोल चरा होता आणि आत डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा लहान तुकडा, सरळ होता. तेव्हापासून त्या जाड फोमच्या वजनाची तक्रार मी सोडली.

तरी मागचा डिरेलर मी काढतेच. सोबतच्या पुस्तिकेत गरज नाही म्हटलंय, मला पटत नाही. हँगर मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा असतो, फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. एक बोल्ट सोडून डिरेलर कापडात गुंडाळून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत बांधला की चिंता मिटते. शिवाय जादा हँगर सोबत हवाच. स्रॅम या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीने 2019 मध्ये सगळ्यांसाठी हँगरचा एकच आकार आणला, पण तुमची फ्रेम त्यातली नसेल तर परदेशातल्या लहान गावात तुमचा हँगर मिळण्याची आशा धरू नका.

पेडल काढताना डाव्याचे आटे उलटे असतात. पाना वरच्या अंगाला धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही सुटतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबाने चालणारे) ब्रेक असतील तर दोन पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा अडकवा, नाहीतर वाटेत लिव्हर दाबला जाऊन पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात. टायरमधली हवा पूर्ण काढू नका. विमानात सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, फरक पडतो तो साधारण पाव बारचा, तेवढ्याने टायर फुटत नाही. विमान कंपनी सांगते म्हणून हवा कमी करा, पण रिमला आधार राहील इतकी ठेवा. ट्यूबलेस असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. पॉवर बँक आणि दिव्यांच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच. ई-सायकलवाल्यांना या बॅगेचा उपयोग नाही, कारण 160 वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही.

बॅगेची दुसरी अडचण दुकानात कळत नाही. जर्मनीतल्या पासाऊहून व्हिएन्नाला डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवर गेलं की सुरुवात एकीकडे, शेवट दुसरीकडे. बॅग कुठे ठेवायची? तळाची पट्टी घडी होत नाही, त्यामुळे रिकामी बॅगही आडवीतिडवी जागा खाते. हॉटेल ते हॉटेल सामान पोचवणाऱ्यांकडून ती पुढे पाठवावी लागली, त्याचे पैसे वेगळे. सायकलच्या दुकानातलं पुठ्ठ्याचं खोकं असतं तर पोचल्यावर टाकून दिलं असतं आणि व्हिएन्नात दुसरं मागितलं असतं. जपानला जाणाऱ्यांनी तर नीट विचार करा. तिथे रेल्वेत सायकल पूर्ण झाकलेली लागते, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज 250 सेंटीमीटरच्या आत हवी, आणि तोकाइदो शिन्कान्सेन या टोकियो-ओसाका बुलेट ट्रेनमध्ये ही बेरीज 160 च्या वर असलेल्या सामानाची जागा आधी राखून ठेवावी लागते. तिथे पातळ कापडाची हलकी पिशवी बरी.

निघण्यापूर्वी उघड्या बॅगेचे, बंद बॅगेचे आणि झिपचे फोटो काढून ठेवा. नुकसान दिसलं तर विमानतळ सोडण्याआधीच नोंद करा. विमानप्रवासातल्या भरपाईबद्दलच्या 1999 च्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार सामान मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, आणि भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर 2024 पासून 1519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. महागड्या कार्बन फ्रेमला ती पुरत नाही, तेव्हा वेगळा विमा बघा.

एकदाच जायचं असेल तर खोकंच घ्या, पैसे वाचतील. दरवर्षी जाणार असाल आणि येण्या-जाण्याचा विमानतळ एकच असेल तर ही बॅग घ्या, पण दुकानात सायकल आत भरून झिप लावून बघा, रिकामी नव्हे. कोपऱ्यात रनर अडखळला तर परत ठेवा. सोबत बाहेरून आवळायला दोन रुंद पट्टे आणि एक जादा रनर घ्या. कंपनीला मी रनरचा आकडा लिहून पाठवला आहे. त्यांनी तो सुट्या भागांत विकायला ठेवला, तर मी एक तारा वाढवीन. तोवर पाचपैकी तीन.