गुड ॲट की गुड इन? अर्ज लिहायला बसलेल्यांसाठी

आपल्याला काय येतं हे इंग्रजीत लिहायचं झालं की ‘गुड’पर्यंत सगळे झपाट्याने येतात आणि पुढच्या प्रिपोझिशनपाशी अडतात. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांकडे जाणारे बरेच अर्ज आधी माझ्या नजरेखालून जातात, आयटीआयवाल्यांचे आणि डिप्लोमावाल्यांचे. ॲट की इन, हा प्रश्न त्यामुळे माझ्यापुरता मी कधीच सोडवून टाकला आहे. तरी दोन्हींची बाजू मांडतो, ठरवायचं तुम्ही.

इनचं वजन कमी नाही. आपलं सगळं ‘त’ प्रत्ययावर भागतं: गणितात हुशार, पोहण्यात पटाईत, माणसं जोडण्यात वाकबगार. त्यामुळे इन आपसूक तोंडात येतं. शिवाय ते सरसकट चूकही नाही. शाळेच्या विषयांबद्दल बोलताना अमेरिकेत ‘गुड इन मॅथ’ ऐकू येतं. भारदस्त विशेषणांना तर इनच शोभतं: प्रोफिशियंट इन जर्मन, ट्रेन्ड इन फर्स्ट एड. भाषेचं नाव आलं की फ्लुअंटपुढे इनच.

मग माझं इनशी बिनसलं कुठे? यादीत. अर्जात कोणी एकच गुण लिहून थांबत नाही. ‘गुड इन मॅथ्स’ इथवर निभावतं, पण त्याच वाक्यात ‘अँड रिपेअरिंग पंप्स’ आलं की इन लंगडायला लागतं. विषयाआधी ते खपतं, कृतीआधी खटकतं. ‘गुड इन स्विमिंग’, ‘गुड इन ड्रायव्हिंग’ हे आपल्याकडे सर्रास चालतं, पण इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांच्या कानाला ते सहसा सरळ लागत नाही. म्हणजे प्रत्येक शब्दापाशी थांबायचं आणि ठरवायचं, हा विषय की कृती? ड्रॉइंग कशात धरायचं? अकाउंट्स? वेल्डिंग वर्गात शिकतो तेव्हा विषय, आणि काच लावून ठिणग्या उडवतो तेव्हा कृती? घरी बसून अर्ज लिहिताना हा वैताग परवडतो. मुलाखतीत समोर साहेब पेन घेऊन बसलेले असताना वाक्याच्या मधोमध असली चिकित्सा सुरू झाली, की येत असलेलं कामही येत नसल्यासारखं दिसतं.

ॲटला याची फिकीरच नाही. गणित असो, वेल्डिंग असो, चिडलेल्या गिऱ्हाइकाची समजूत काढणं असो, गुडपुढे ॲट लावा आणि पुढे चला. ब्रिलियंट, बॅड, टेरिबल, होपलेस, सगळ्यांना ते चालतं. फक्त पुढे क्रियापद आलं तर आयएनजीचं रूप हवं. ‘गुड टू रिपेअर’ लिहून कौशल्य दिसत नाही.

स्किल्ड, अडेप्ट, एक्स्पर्ट यांच्यापुढे मात्र दोन्ही चालतात, आणि तिथे निवड करण्यात खरी मजा आहे. द्राक्षाचं घ्या. दिंडोरी-पिंपळगावकडे एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करणाऱ्या मजुराला कुठल्या काडीवर किती डोळे ठेवायचे हे हातानेच कळतं. त्याच्यासाठी मी ‘स्किल्ड ॲट प्रूनिंग’ लिहीन. माती, वाण, रोग असं सगळं शिकून वायनरीत अर्ज करणाऱ्या कृषी पदवीधर मुलीसाठी ‘स्किल्ड इन व्हिटिकल्चर’, म्हणजे द्राक्षशेतीच्या शास्त्रात. ॲट हाताकडे बघतं, इन क्षेत्राकडे. हा काही काटेकोर नियम नव्हे. ‘स्किल्ड इन प्रूनिंग’वर कोणी लाल रेघ मारणार नाही. पण कल असा आहे, निदान मला तरी तसा जाणवतो. आणि द्राक्षावर तासभर व्याख्यान देऊ शकणारा असेल, तर तो ‘एक्स्पर्ट ऑन ग्रेप्स’.

एका ठिकाणी इनला हात लावू नका. सिंहस्थात स्वयंसेवक म्हणून नाव देताना गर्दीत, गोंधळात डोकं शांत राहतं असं सांगायचं असेल, तर ‘गुड इन अ क्रायसिस’च लिहा. तिथे ॲट घातलंत तर हा गृहस्थ संकटं ओढवून आणण्यात पटाईत दिसतो.

विथ वेगळ्या घरचं. अवजारं, यंत्रं, लहान मुलं यांच्याशी ज्याचं जमतं त्याच्यासाठी ते आहे. ओझरला विमानाच्या कामावर फिटर म्हणून जाऊ पाहणाऱ्या मुलाला ‘गुड विथ हिज हँड्स’ म्हटलं तर ती चांगली दाद आहे. पण ‘वेल व्हर्स्ड विथ’ हे जे अर्जाअर्जात दिसतं, ते तेवढं खोडा. व्हर्स्डला इन लागतं. विथ असतं ते कन्व्हर्संटचं आणि फॅमिलियरचं, बहुधा तिकडूनच ते इकडे शिरलं असावं.

तर छापील अर्जात जड विशेषणं वापरायचीच असतील तर इन धरून चाला, फारसं चुकणार नाही. बोलायचं असेल, किंवा लिहितानाही साधं लिहायची हिंमत असेल, तर गुड ॲट. मला विचाराल तर अर्जातही हेच बरं. ‘प्रोफिशियंट इन एमएस ऑफिस’ ही ओळ व्याकरणाला निर्दोष आहे, पण गठ्ठ्यातल्या जवळजवळ प्रत्येक अर्जात ती असते आणि वाचणारा ती वाचतही नाही. तिच्या जागी ‘गुड ॲट मेकिंग शिफ्ट शेड्यूल्स इन एक्सेल’ लिहून बघा. इनलाही त्यात जागा मिळते.