मानेच्या गाठी आत्ताच काढाव्यात की वाट पाहावी?

मावशीच्या जिभेच्या डाव्या कडेची जखम कॅन्सरची निघाली, तेव्हा घरातला प्रत्येक जण तिची मान चाचपून बघत होता. हाताला काही लागेना. गाठ नाही म्हणजे पसरलेला नाही, असं आम्हीच ठरवून मोकळे झालो. मिश्री लावत विड्या वळणाऱ्या बायकांच्या सोलापुरात हे घरोघरी ऐकू येतं.

मानेत सगळ्यांनाच बारीक गाठी असतात, लिम्फ नोड म्हणतात त्या; कॅन्सर पसरला तर आधी त्यांच्यात जातो. सोनोग्राफीत जबड्याच्या कोनाखाली त्यातलीच 9 मिलिमीटरची गाठ दिसली. शेंगदाण्याएवढी. माप आखूड बाजूचं घेतात आणि साधारण 10 मिलिमीटरच्या आतली गाठ आकाराने ठीक धरतात. पण आकारावर किती विसंबायचं? पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं, तशी दाढ किडली की मानेतली गाठ सुजते; मोठी असली तरी निरुपद्रवी. उलट अगदी बारक्या गाठीतही कॅन्सर लपलेला असतो. म्हणून डॉक्टर गाठीचं रूपही बघतात. ती लांबट आहे की गोल झालीय, मधला चरबीचा पट्टा शाबूत आहे की गेला, आतला भाग सडलाय का. शंका वाटली तर सुई घालून तपासतात. सुईत कॅन्सर निघाला तर निवड उरतच नाही, गाठी काढाव्याच लागतात. मावशीची सुई साफ आली, आणि खरा पेच तिथेच पडला.

एक मार्ग म्हणजे जिभेबरोबरच मानेच्या गाठी काढणं. दुसरा, फक्त जिभेचं ऑपरेशन करून मानेवर नजर ठेवणं.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत नेमकी हीच तुलना केली. 2015 साली निकाल छापून आला. आधीच गाठी काढलेल्यांपैकी 80 टक्के लोक तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी 67.5 टक्के. मात्र जखम 3 मिलिमीटरपेक्षा कमी खोल असेल तर फायदा तितका स्पष्ट नव्हता. तेव्हा डॉक्टरांना गाठीच्या मापाआधी जखमेची खोली विचारा.

वाट पाहण्यातही अर्थ आहे. साफ दिसणाऱ्या दहा मानांपैकी दोन-तीनमध्येच कॅन्सर दडलेला असतो, बाकीच्यांचं मानेचं ऑपरेशन टळतं. पण सुरुवातीची दोन वर्षं तरी महिन्या-दोन महिन्यांनी तपासणी चुकवून चालत नाही, कारण गाठ हाताला लागेपर्यंत कधीकधी कॅन्सर तिचं आवरण फोडून बाहेर पडलेला असतो. बार्शीला कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे. तरी प्रत्येक फेरीला मावशीच्या विड्या बुडणार आणि सोबत येणाऱ्याचा खाडा होणार. माझ्या मते, फेऱ्या जमतील याची खात्री नसेल तर वाट पाहूच नये.

मावशीची जखम 6 मिलिमीटर खोल होती. "कापायचंच हाय तर एकदाच कापा की," ती म्हणाली. रिपोर्ट आला तेव्हा ती 9 मिलिमीटरची गाठ साफ निघाली. कॅन्सर होता शेजारच्या 5 मिलिमीटरच्या गाठीत, जिच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं.

किंमत मोजावी लागलीच. कानाची पाळी बधिर आहे. खांद्याची नस शाबूत राहिली, पण हात वर जाईना. रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम चालू आहे. परवा बोटं फळीवरच्या शेंगाचटणीच्या बरणीपर्यंत पोचली. तोंड पोळतं म्हणून चटणी मात्र अजून बंद आहे.