वाडीतल्या फायबर जोडणीचे अकरा महिने

लांजा तालुक्यातील आमच्या घरी गेल्या डिसेंबरात फायबरची, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून येणाऱ्या इंटरनेटची, जोडणी घेतली, त्याला आता अकरा महिने झाले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या भागात ही सेवा देणाऱ्या सगळ्यांच्या तारा थोड्याफार त्याच खांबांवरून आणि त्याच झाडांखालून जातात. योजना 60 एमबीपीएसची असून 499 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी मिळून महिन्याला 589 रुपये पडतात. मी घरूनच काही व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे पाहतो. मुलगी अकरावीला आहे आणि आई रोज रात्री पुण्यातल्या नातवाशी व्हिडिओवर बोलते. जोडणी येण्यापूर्वी प्रत्येक महिन्याच्या 20 तारखेला विवरणपत्रे भरण्यासाठी मी लॅपटॉप घेऊन सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उंच कातळावर, जात असे, कारण मोबाइलची रेंज तिथेच मिळे.

केंद्र सरकारने ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेचे मूळ उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याचे होते. जिथे घरे ग्रामपंचायतीभोवती दाटीने वसलेली असतात, तिथे पुढचे काम सोपे असेल. कोकणात गाव म्हणजे चार दिशांना विखुरलेल्या वाड्या. आमची वाडी पऱ्या (ओढा) ओलांडून दीड किलोमीटर आत आहे आणि घरापर्यंतची तार आंबा, फणस आणि ऐन यांच्या फांद्यांतून वाट काढत येते. बरे-वाईट जे काही अनुभवले, ते बहुतेक या दीड किलोमीटरातले आहे.

वेगाबद्दल तक्रार नाही. लॅपटॉप केबलने थेट जोडला तर 57-58 एमबीपीएस मिळतात. दूरसंचार विभागाच्या व्याख्येनुसार 2013 पासून 512 केबीपीएसला (सुमारे अर्ध्या एमबीपीएसला) आणि जानेवारी 2023 पासून किमान 2 एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हणतात, हे पाहता आम्ही चैनीत आहोत म्हणायचे. मात्र जांभ्याच्या जाड भिंती वाय-फायला दाद देत नाहीत. फायबरची तार जिथे संपते ते वाय-फायचे यंत्र माजघरात बसवले होते. पडवीत पोहोचेपर्यंत वेग 6-7 वर येई आणि आईचा नातू पडद्यावर गोठून जाई. शेवटी माजघरातून पडवीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर लावला. जुन्या घरात जोडणी घेणाऱ्यांनी हा खर्च आधीच धरून ठेवावा.

पहिला बिघाड मीच केला. बसवताना उरलेली चार-पाच हात तार भिंतीवर लोंबत होती, ती मी नीटनेटकेपणाच्या हौसेने घट्ट गुंडाळून सुतळीने खिळ्याला बांधली. दोन दिवसांनी यंत्रावरचा एलओएसचा, म्हणजे तारेतून प्रकाश येत नसल्याचा, लाल दिवा लुकलुकू लागला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने मीटर लावला, तेव्हा प्रकाशाची पातळी उणे 28 डीबीएम निघाली (या मापात उणे आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). उणे 27 च्या खाली गेले की यंत्राला काही वाचता येत नाही, असे त्याने सांगितले. त्याने सुतळी कापली, तार थाळीएवढ्या मोठ्या वळशात सोडली आणि आकडा उणे 21 वर आला. “काका, हिच्यातून उजेड जातो. घट्ट मुरगाळली की बाहेर सांडतो,” एवढे सांगून तो चहा न घेताच पुढच्या वाडीत गेला.

कालनिर्णयच्या पानांवर मी प्रत्येक खंडाची खूण करत आलो आहे. डिसेंबर ते मे या काळात तीन खंड पडले, त्यांपैकी एक वर सांगितलेला माझाच, आणि एक मे महिन्यात गटार खणणाऱ्या जेसीबीने तार तोडल्यामुळे. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवसाच्या आत जोडणी पूर्ववत झाली. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मात्र नऊ खंड पडले. सर्वांत मोठा जुलैत, ऐनाचे झाड तारेवर पडल्यामुळे, आणि तो सहा दिवस चालला. झाड दुसऱ्याच दिवशी बाजूला झाले होते. राहिले होते ते तुटलेली दोन टोके जोडण्याचे काम, ज्याला कसबी माणसाला पाऊण तास पुरतो. परंतु केसाएवढी काच वितळवून जोडणारे स्प्लाइसिंगचे यंत्र आमच्या भागातल्या मुलाकडे नव्हते. ते तालुक्याच्या ठिकाणी एकच होते आणि त्या आठवड्यात दुसरीकडे गेले होते. त्या सहा दिवसांत 20 तारीख आली आणि मी छत्री घेऊन पुन्हा सड्यावर गेलो. महिन्याचे देयक पूर्ण रकमेचे आले; तक्रार क्रमांक घेऊन तीनदा फोन केल्यावर पाच दिवसांचे पैसे वळते झाले, सहाव्याचे नाहीत.

विजेचा प्रश्न निम्मा सुटला आहे. वाटेतला प्रकाश विभागणारा स्प्लिटर विजेशिवाय चालतो, त्यामुळे घरच्या यंत्राला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की तीन-साडेतीन तास काम चालते. पण तिकडच्या टोकाला, जिथून प्रकाश निघतो, तिथली बॅटरी संपली तर आपला यूपीएस शोभेपुरता उरतो. गणपतीत चाकरमानी आल्यावर मोबाइलचे नेटवर्क पार गुदमरले, तेव्हा शेजारच्या तीन घरांनी आमचा वाय-फाय वापरला, तरीही तक्रार करण्यासारखे काही झाले नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने सुधारित भारतनेट कार्यक्रमाला 1,39,579 कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यात ग्रामपंचायती वलयाकार मार्गाने जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क राहील, आणि दहा वर्षांच्या देखभालीचीही तरतूद आहे. देखभाल आधीच हिशेबात धरली, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. आमच्या वाडीला येणारी तार मात्र एकेरीच आहे, आणि एका वाडीसाठी कोणी वलय टाकणार नाही.

म्हणून जोडणी घेण्याआधी विक्रेत्याला वेगाबद्दल फार विचारत बसू नये; स्प्लाइसिंगचे यंत्र कुठे असते, ते चालवणारे किती जण आहेत आणि पावसाळ्यापूर्वी तारेवरच्या फांद्या कोण तोडतो, हे विचारावे. मी स्वतः जोडणी बंद करणार नाही. वर्षाचे पैसे एकदम भरले तर एक महिना फुकट देतो असे ते म्हणतात. मी डिसेंबर ते मे एवढ्याचेच भरणार आहे.