ख्रिस्ती फॅमिली ॲप वर्षभर वापरून झालं, आणि पैसे परत कापले तेव्हा लिहायला बसलो

मागच्या आठवड्यात खात्यातून या ख्रिस्ती पिक्चर, गाणी आणि पुस्तकांच्या ॲपची पुढच्या वर्षाची वर्गणी कापली गेली. रिन्यू करायचं नाही असं मी आधीच मेल टाकून कळवलं होतं, तरी कापली. कस्टमर केअरला फोन केला तर आधी इंग्रजी, मग हिंदी, मराठीचं बटनच नाही, आणि मेलला उत्तर काय तर तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. अरे बाबा, अभिप्राय नाही, पैसे परत मागून राहिलो. बऱ्याच भांडणानंतर परत आले, पण डोकं तापलं ते तापलंच. म्हणून हे सगळं मनापासून लिहून काढतो. आपल्या समाजातले बरेच जण नाताळाच्या ऑफरमध्ये हे घेतात.

किती पिक्चर, किती पुस्तकं, किती स्क्रीन, ते सगळं जाहिरातीत आहेच. मी फक्त घरात काय झालं ते सांगतो.

घेतलं मुख्यतः आईसाठी. संध्याकाळच्या घरप्रार्थनेला गाणी लागतात आणि आता तिला पुस्तकातले बारीक अक्षर दिसत नाही. आई गाणं नावानं मागत नाही, नंबरानं मागते. ज्यांच्या घरी उपासना संगीत हे चर्चच्या गाण्यांचं पुस्तक आहे त्यांना हे सांगायला नको, चर्चमध्ये पाटीवर नंबर लागतात, पाळकसाहेब नंबर सांगतात, अख्खी मंडळी पान उघडते. पन्नास-साठ वर्षं गायलेल्या माणसाच्या डोक्यात नंबर आणि चाल एकत्रच बसलेली असते. आणि या ॲपमध्ये नंबर टाकला की त्या नंबरचा कुठल्यातरी इंग्रजी प्रवचनाचा भाग उघडतो! आई सोफ्यावर हात जोडून बसलेली आणि टीव्हीवर सूटबूटवाला माणूस सुरू. मग मी रिमोटनं एकेक अक्षर टाकत पहिली ओळ शोधणार, तीही रोमन अक्षरात, आणि तोवर आईनं स्वतःच गायला सुरुवात केलेली असते. नंबरानं शोधायची सोय करणं काय इतकं अवघड आहे हो? दर महिन्याला कळवलं. नुसता मराठी मेनू दिला म्हणजे मराठी घर झालं असं यांना वाटते की काय! मराठी विभागात निम्मी गाणी हिंदी, आणि मुलांच्या गोष्टी वाचणारा आवाज मशीनचा, दावीद गल्याथाला मारतो तिथंही तोच सूर आणि वंशावळीतही तोच सूर.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मग रविवारी मुलांसोबत बसलो, तेव्हा एक गोष्ट मान्य करावीच लागली. पिक्चरच्या खाली पालकांसाठी ज्या टिपा आहेत त्या खरंच फार कामाच्या आहेत. कुठल्या मिनिटाला मारझोड, कुठं रक्त, आणि बायबलातला कोणता अध्याय सोबत वाचायचा ते सगळं. जे पिक्चर ॲपवर नाहीत त्यांच्याही टिपा आहेत. पॅशन ऑफ द क्राइस्ट (२००४) उत्तम शुक्रवारी लावू असं धाकट्याच्या डोक्यात होतं, पण फटक्यांचा प्रसंग किती वेळ चालतो ते वाचून आम्ही मोठ्यांनी रात्री वेगळा पाहिला. त्याच्यासाठी प्रिन्स ऑफ इजिप्त (१९९८) लावला, आणि सोबत बायबलातल्या निर्गमाचा दुसरा अध्याय वाचायला घेतला तर मोठीनं लगेच पकडलं, बायबलात बाळ मोशे फारोच्या मुलीला सापडतो, पिक्चरमध्ये राणीला! त्यावरून जेवताना जी चर्चा झाली ती मला वर्गणीपेक्षा जास्त मोलाची वाटते. बेन-हर (१९५९) पण पाहा, साडेतीन तासांचा आहे म्हणून दोन रात्रींत वाटून. त्यात प्रभू येशूचा चेहरा एकदाही दाखवला नाही, आणि तहानलेल्या कैद्याला पाणी देतो तो प्रसंग आमच्या घरात अगदी शांतपणे पाहिला गेला. आईला मात्र दयासागरच पाहिजे, मूळ तेलुगू करुणामयुडू (१९७८), हिंदीत डब केलेला. आणि लूकच्या शुभवर्तमानावरचा १९७९ चा जीझस मराठीत फुकट मिळतो, त्याच्यासाठी कोणाला पैसे द्यायची गरज नाही.

पुस्तकांसाठी तर हे ॲप घेऊच नका. बहुतेक अमेरिकन घरांसाठी लिहिलेली, त्यातल्या अडचणी आपल्या नाहीत. त्या पैशात लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे घ्या आणि मोठ्यानं वाचा. नागपूरकरांनी तर वाचलंच पाहिजे, कारण त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, इथल्या श्रीमंत बुटींकडे कामाला होते, आणि १८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार दिला, १८९५ ला बाप्तिस्मा. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या बाईवर काय गुदरलं ते तिच्याच बोलीत आहे, कुठं उपदेश नाही, आणि मध्येच इतकं हसू येते की माझी मोठी पुस्तक खाली ठेवायला तयार नव्हती. बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन (१८५७) कॉलेजच्या पोरापोरींना द्या, भाषा जुनी आहे पण विधवांचे हाल वाचवत नाहीत. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण (१६१६) अख्खं वाचणं आमच्याच्यानं झालं नाही, नाताळात जन्माच्या थोड्या ओव्या काढून वाचतो.

गाण्यांचं मी शेवटी असं केलं. तरुण संघातल्या एका पोराकडून चर्चमधली रेकॉर्ड केलेली गाणी पेन ड्राइव्हवर घेतली, टिळकांची भजनं पेटी-तबल्यावरची त्यातच आहेत, आणि प्रत्येक फाइलला नाव म्हणून उपासना संगीतातला नंबर टाकला. दोन संध्याकाळी गेल्या त्यात, खर्च शून्य. आता आई स्वतःच रिमोटनं लावते.

टिपांसाठी मी ॲप परत घेईन, पण वर्षाचं नाही, फक्त लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) आणि नाताळाच्या महिन्यांपुरतं, आणि ऑटोपे चालू न करता. तुम्हीही घेतलं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, तिथूनच रद्द करा, यांच्या मेलच्या भरवशावर बसू नका. आणि नंबरानं शोधायची सोय मागणारा मेल त्यांना जरूर टाका, एकट्याच्या मेलनं काही हलत नाही.